दाराजवळची खुंटी

॥ श्री शिव प्रसन्न ॥

तेलगाव, जि. बीड
७ फेब्रुवारी २०२१

चि. तेजश्रीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. सामान तपासून घेतलं ते असं: विणलेले मास्क सहा, सुकवलेलं आलं एक पिशवी, बारीक लाल मिरची एक पुडी, बाळाला गुंडाळायचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड एक. वर टपालाचे एकशे चाळीस रुपये. मिरची आपल्या अंगणात होते बाई, तिला इतक्या लांबून आणायची काय गरज होती. वहीत 'लेकीकडून आलं' असं लिहिलं आणि किमतीच्या रकान्यात रेघ मारली. लेकीच्या वस्तूची किंमत लिहू नये.

मास्क लई सुबक आहेत. लाल-काळ्या पट्ट्यांचं ते विणकाम तुझ्या आजीनं चार वेळा हातात घेऊन बघितलं. असली वस्तू रोज वापरली तर विटून जाईल, म्हणून पाच मास्क पेटीत डांबरगोळी घालून ठेवले. एक काढलाय. तो दाराजवळच्या खुंटीला असतो. बाहेर जाणारा लावून जातो, आला की पुन्हा खुंटीला. तुझे बाबा गिरणीवर जाताना नेतात, आजी देवळात नेते, मी बाजाराला. चौकात पोलीस पावती फाडतात ना, त्यांच्यापुरता एक पुरतो. आठवड्याला धुते.

आता तुझं. सहावा लागला. तुझी सासू चाकलांब्याहून फोनवर म्हणाली, पहिलं बाळंतपण तुमच्याकडंच करा. ती न म्हणती तरी मी आणलंच असतं. माझी थोरली बहीण संगीता कशी गेली ते तुला ठाऊक आहे. कापूस वेचणीचे दिवस होते म्हणून सासरच्यांनी पाठवलं नाही, आणि दुखायला लागलं तेव्हा घरात एक म्हातारी सोडून कोणी नव्हतं. मी तेव्हा दहावीत होते. माझ्या लेकीला मी असं ठेवणार नाही, हे मी तू पाळण्यात असतानाच देवापुढं बोललेय.

शाळेच्या नकाशात तुमचं ऐझॉल बघितलं. देशाच्या पार टोकाला. जावई दिवसभर रस्त्याच्या कामावर मशीन चालवणार आणि तू त्या डोंगरात, भाषा न कळणाऱ्या माणसांत. रात्री पोटात दुखलं तर तू कोणाला काय सांगशील, या विचारानं माझी झोप जाते. एप्रिल लागता लागता ये.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. फोन बाबांच्या खिशात, आणि बोलायचं म्हटलं की ते मोठ्या आवाजावर लावतात, आजी कान देऊन बसते. म्हणून मनातलं इथंच लिहीत जा.

तुझी आई
शिवकन्या


ऐझॉल
२० फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप आईस तेजश्रीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खुंटीपाशी थांबले, ते पुढं जाववेना.

आई, एकच मास्क सगळे लावता? बाबा गिरणीवर दिवसभर माणसांत, मग तोच आजीच्या नाकाला? पोलिसासाठी नाही गं तो. मला इथं येईपर्यंत हे कळलेलं नव्हतं, म्हणून तुला दोष देत नाही. मीही गावात असताना हनुवटीवरच ठेवायचे.

आमच्या घरमालकीण आहेत, पी थांगी. 'पी' म्हणजे आपल्याकडं मोठ्या बाईला 'बाई' म्हणतात तसं. सत्तरीच्या आहेत, मागावर कापड विणतात. तुला पाठवलेले मास्क त्यांच्याच हातचे. नवीन होतो तेव्हा मी एकदा भाड्याचे पैसे द्यायला गेले. मास्क नाकाखाली होता. त्यांनी मला बघितलं, एक पाऊल मागं झाल्या आणि तोंड भिंतीकडं केलं. बोलल्या काहीच नाहीत. मी पैसे ओट्यावर ठेवले, घरी येऊन रडले. ह्यांना म्हटलं, त्यांना आपला वास येतो वाटतं, आपण परके ना. पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्या अंगणातून गेले नाही.

मग खालच्या दुकानदारणीच्या मुलीनं हिंदीत सांगितलं. इथं कोणाला 'मास्क वर कर' म्हणणं म्हणजे चारचौघांत लाज काढणं. म्हणून समोरच्याला तो गुपचूप सावरता यावा यासाठी त्या पाठ फिरवतात. मी आपली अपमान समजून बसले. इथं पोलीस दिसत नाही आई, गल्लीतली पोरंच पाळीनं गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्याला उभी राहतात. आणि पी थांगी स्वतःच्या स्वयंपाकघरातून स्वतःच्या ओट्यावर येतानासुद्धा मास्क लावतात. मी विचारलं, तुम्हाला आजाराची भीती वाटते का. तर म्हणाल्या, "मेरा डर नहीं. मेरे अंदर क्या है, मुझे क्या मालूम?"

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. आधी दुसऱ्याची वाटायची, आता माझी स्वतःचीही वाटते.

तेव्हा पेटीतले पाच काढ. प्रत्येकाला वेगळा दे. ठेवणीतले म्हणून ठेवू नकोस.

विमानाचं तिकीट नऊ एप्रिलचं काढलंय. हे कोलकात्यापर्यंत सोबत येतील. माझी तब्येत चांगली आहे. पाय थोडे सुजतात, ते सगळ्यांचेच सुजतात म्हणे.

तुझी
तेजश्री


॥ श्री शिव प्रसन्न ॥

तेलगाव
१२ मार्च २०२१

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

काल महाशिवरात्र झाली. यंदा कपिलधारला जाता आलं नाही, घरीच अभिषेक केला. तुझ्यासाठी बेल वाहिला.

तू लिहिलंस तसं मी केलं होतं. मास्क काढले, कडेला रंगीत दोऱ्यानं खुणेचे टाके घातले. बाबांना निळा, आजीला पांढरा, मला हिरवा. आजीच्या पुढं तिचा ठेवला तर तिनं तो हातानं बाजूला सारला. म्हणाली, "मला कावून येगळं पाडता? आज येगळा मास्क, उद्या येगळा गिलास, परवा चूल येगळी मांडून द्या मला." मी म्हटलं, आत्याबाई, तेजूनं सांगितलंय, आजारासाठी असतं ते. तर म्हणाली, "पोरगी डोंगरात जाऊन लई शानी झाली. घरच्या माणसाचं उष्टं चालतं अन् फडकं चालत न्हाई व्हय?" आणि जेवलीच नाही. संध्याकाळी तिच्या नातवंडाएवढ्या शेजारच्या पोरीला सांगत बसली, सुनेनं मला वाळीत टाकलंय.

तू तिथं राहतेस, तुला तिथलं बरोबर वाटतं. पण इथं वेगळं भांडं कोणाला असतं, तू जाणतेस. या वयात तिचं मन कशाला मोडू. मी सगळे पुन्हा पेटीत टाकले आणि खुंटीवरचा रोज धुवायचं ठरवलं. साबण जरा जास्त लागतो, चालेल.

बाबा तर तुझा फोन झाल्यावर हसतच होते. गिरणीत पीठ नाकात जाऊ नये म्हणून स्वतः दिवसभर रुमाल बांधून असतात, तेव्हा काही वाटत नाही. पण मागच्या आठवड्यात सुंदरराव वारले, आपल्या आळीतले, तुला लहानपणी उसाचं कांडं द्यायचे ते. बीडला दवाखान्यात होते. कोणी दमा म्हणतं, कोणी काय. गाव लोटलं होतं. बाबा खुंटीवरचा मास्क लावून निघाले, त्यांच्या दारात गेल्यावर काढून खिशात घातला. मी विचारलं तर म्हणाले, "तोंड बांधून मयताच्या घरी कोण जातं? त्यांना वाटंल, ह्याला आमची किळस येती. दुःखाच्या टायमाला माणसाला माणसाचं तोंड दिसाया पायजे." मला ते पटलं. तुला पटणार नाही, पण मला पटलं. आल्यावर अंघोळ केली त्यांनी. मास्क मात्र मी धुवायच्या आधीच दुसऱ्या दिवशी सकाळी आजी देवळात घेऊन गेली.

बाबांचा आवाज बसलाय. पिठानं बसतो तसा. चार दिवस पोथी वाचायला गेले नाहीत.

मधली खोली तुझ्यासाठी झाडून घेतली. डिंक आणला, खारीक आणली, बाळंतशोपा निवडून ठेवल्या. भाव विचारू नकोस. नऊ तारखेला तू येणार म्हणून मी रोज एक काम हातावेगळं करते, म्हणजे मन जागेवर राहतं.

तुझी आई


ऐझॉल
२१ मार्च २०२१

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आज दुपारी आलं, लगेच लिहायला बसले. हे स्पीड पोस्टानं टाकतेय.

सुंदरराव कशानं गेले? नीट विचार. कुणी चुलत्यानं सांगितलेलं नको, त्यांच्या घरात विचार. त्यांच्याकडं गेलेल्यांत आणखी कोणी आजारी पडलंय का? बाबांचा आवाज अजून बसलेलाच आहे का? मी परवा फोन केला तर बाबाच बोलले. म्हणाले, सगळं झकास हाय, तू ये. मागं आजी खोकत होती. मी विचारलं तर बाबा म्हणाले, मिरची भाजली म्हणून. आई, तुमच्या घरात दुपारी चार वाजता मिरची कोण भाजतं?

इथं काय झालं ते सांगते. पी थांगींचा भाऊ वारला. तापानं नाही, वयानं, ऐंशीच्या पुढं होता. इथली रीत अशी की मयत झालं की अख्खी वस्ती त्या घरी जाते, रात्रभर बसते, गाणी म्हणते, घरच्यांना एकटं सोडत नाहीत. आपल्याहून जास्तच आहे त्यांचं. मला वाटलं, आता बघू या मास्कवाल्यांचं काय होतं. तर कोणी आलं नाही. घरचे चार लोक सोडून कोणी दारात पाऊल टाकलं नाही. अंधार पडल्यावर डोंगराच्या उतारावरच्या सगळ्या घरांच्या ओट्यांवर माणसं येऊन उभी राहिली, प्रत्येक जण आपापल्या ओट्यावर, मास्क लावून, आणि गायला लागली. कापडाआडून आवाज दबका येत होता. पण इतक्या ओट्यांवरून यायचा की दरी भरून गेली. पी थांगी खुर्चीत बसून ऐकत होत्या. मला राहवलं नाही, लांबूनच विचारलं, वाईट नाही वाटत का, कोणी आलं नाही. त्या म्हणाल्या, "जो नहीं आया, उसने मेरा घर बचाया."

बाबांना हे वाचून दाखव. नाहीतर नको दाखवू, हसतील.

आता एकच विचारते. मी येऊ का? माझ्या पोटात बाळ आहे म्हणून विचारतेय, नाहीतर धावत आले असते. फोनवर उत्तर देऊ नकोस. फोनवर बाबांच्या आणि आजीच्या देखत तू 'ये' असंच म्हणशील. पत्रात लिहिशील ते मी खरं धरीन. तू ये म्हणालीस तर मी येईन.

माझी तब्येत बरी आहे.

तुझी तेजू


॥ श्री शिव प्रसन्न ॥

तेलगाव
२८ मार्च २०२१, होळी

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घरी सगळे बरे आहेत. बाबांना थोडी कणकण होती, गोळीनं उतरली. आजीचा खोकला जुनाच आहे. तू मनात काही आणू नकोस, ठरल्याप्रमाणे ये. खोली तयार आहे. जिल्ह्यात पुन्हा लॉकडाऊन लागलंय, पण गरोदर बाईच्या गाडीला अडवत नाहीत असं इसाक टेम्पोवाला म्हणाला. तो विमानतळावर घ्यायला येईल. डिझेलचं बोलणं झालंय.

*

वरचं सकाळी लिहिलं. आता दुपार उलटून गेली. कागद वाया घालवायला नको म्हणून खालीच लिहिते. वरचं खोडत नाही, पण ते खरं धरू नकोस. खरं हे आहे.

दुपारी मी पुरण वाटत होते. नैवेद्याचा स्वयंपाक करताना आपल्यात पदराचं टोक नाकातोंडावरून घेऊन कानामागं खोचतात, तू बघितलंयस. आपला श्वास देवाच्या ताटावर पडू नये म्हणून. हे मला तुझ्या आजीनंच शिकवलं, लग्नानंतरच्या पहिल्या होळीला. माझा पदर घसरला होता तर तिनं पुरणाचं अख्खं पातेलं गाईला घालायला लावलं होतं. स्वतः पातेलं उचलून माझ्या हातात दिलं.

तर आज मी पुरण वाटत असताना आजी आतून म्हणाली, "शिवकन्ये, पुरणात येलदोडा घातला न्हाई का? सणाच्या दिवशी तरी हात आखडू नगं." मी म्हटलं, घातलाय आत्याबाई, जायफळपण घातलंय. ती म्हणाली, "मग वास कावून येत न्हाई?" मला वाटलं, टोमणा मारतेय. माझ्या काटकसरीला तिनं जन्मभर टोमणे मारलेत. मी पातेलंच उचललं आणि तिच्या नाकापाशी नेलं. वाफ निघत होती. तिनं श्वास ओढला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा ओढला. म्हणाली, "नुसतं गरम लागतंय गं."

मी बाबांना हाक मारली. त्यांना पातेलं दाखवलं. ते नाक पुढं करेनात. मी म्हटलं, वास घ्या. तेव्हा खाली बसले आणि म्हणाले, "परवापासनं मलाबी येत न्हाई. गिरणीचा पट्टा जळाला, धूर दिसला तवा कळलं. तुला सांगितलं असतं तर तू तेजूला येऊ दिलं नसतं."

सुंदररावांच्या घरी मी त्यानंतर अमीरबीला विचारायला लावलं. आपल्या कुंपणापलीकडची अमीरबी, शिवणकाम करते ती. सुंदररावांची सूनही दवाखान्यात आहे. दहाव्याला बसलेल्यांत आणखी दोघं.

पातेलं चुलीपाशी तसंच राहिलं. माझ्या तोंडावर पदर होता तो मी सोडला नाही. तसंच बसून विचार करत राहिले. देवाला आजार होत नाही. तरी त्याच्या ताटावर आपला श्वास जाऊ नये म्हणून तुझ्या आजीनं मला पातेलं गाईला घालायला लावलं. आणि त्याच घरात आम्ही एक फडकं तिघांच्या नाकाला फिरवलं. तू लिहिलंस तेव्हा मला वाटलं, तिकडची काहीतरी रीत शिकून आलीस. रीत तर माझ्या पदरातच होती.

तेजू, तू येऊ नकोस.

माझ्या हातून हे अक्षर निघत नव्हतं. संगीताला आणलं नाही म्हणून ती गेली. तुला आणलं तर काय होईल याची भीती, नाही आणलं तर काय होईल याची भीती. मला दोन्हीकडं तूच दिसतेस. पण या घरात आज काय आहे ते मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगते. देवापुढं बोललेलं मोडतेय, त्याचं जे काय होईल ते माझ्यावर होऊ दे.

त्या पी थांगीबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना सांग, तेजश्रीच्या आईनं म्हटलंय, माझी लेक तुमच्या ओट्यावर सोडली आहे.

हे पत्र अमीरबी पोस्टात टाकेल. लिहिताना तोंड बांधलेलं आहे. तरी उन्हात ठेवून मग उघड.

तुझी आई


ऐझॉल
८ एप्रिल २०२१

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तिकीट रद्द केलं. सगळे पैसे परत मिळणार नाहीत, ते वहीत माझ्या नावावर लिही.

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहिते. माझं बीपी मार्चपासून वाढलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी विमानाला नको म्हटलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मला वाटलं, एकदा तुझ्यापाशी पोचले की सगळं ठीक होईल. तू 'ये' एवढंच लिहिलं असतंस तर मी उद्या विमानात बसले असते. वरचा भाग वाचून माझा जीव भांड्यात पडला होता, आणि खालचा वाचून मी किती वेळ रडले ते सांगत नाही. का रडले तेही मला नीट सांगता येणार नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. रागावले, मग स्वतःच पाय शेकून दिले. आता रोज गोळी सुरू आहे. मीठ बंद.

तुझा निरोप पी थांगींना दिला. माझ्या मोडक्या हिंदीत. 'ओट्यावर सोडली' हे त्यांना कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून नुसता ओटा दाखवला, मग स्वतःकडं बोट केलं, मग म्हटलं, मेरी माँ बोली. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, चुकलं काही. थोड्या वेळानं आमच्या आणि त्यांच्या खोलीमधली लाकडी भिंत आतून वाजली. मग बाहेर येऊन म्हणाल्या, माझं अंथरूण आता या भिंतीला लावलंय. दुखलं की भिंत वाजव. मी येईन. मास्क असेल, चेहरा दिसणार नाही, घाबरू नकोस, मीच असेन.

रात्री जाग आली की मी त्या भिंतीवर हात ठेवते. वाजवत नाही.

आजीचं सांग. बाबा फोनवर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात ठेवलंय, ठीक हाय, जेवती. ते 'जेवती' इतक्या घाईनं म्हणाले की मला खरं वाटलं नाही. आई, पत्रात लिही.

तुझी तेजू


॥ श्री शिव प्रसन्न ॥

तेलगाव
२५ एप्रिल २०२१

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

सोबतच्या पार्सलात पाठवलं ते असं: डिंकाचे लाडू दोन डबे, बाळंतशोपा एक पुडी, ओवा एक पुडी, जुन्या लुगड्याची दुपटी सहा. लाडू अमीरबीच्या घरी, अमीरबीच्या हातचे. आपलीच कढई राखेनं घासून चार दिवस उन्हात ठेवली आणि मग कुंपणावरून दिली. दुसऱ्या घरची कढई तुझ्या आजीला चालली नसती, म्हणून अमीरबीनं आठवणीनं आपलीच वापरली. त्यानंतर मी कशाला हात लावलेला नाही. सामानाचे पैसे दिले, मजुरी ती घेत नाही. तिच्या रकान्यात रेघ मारली.

आजी गेली. तेरा तारखेला, पाडव्याच्या पहाटे. तुला फोनवर कळू दिलं नाही, मीच नको म्हटलं होतं. तुझ्या बीपीचं वाचलं तेव्हा तर आणखीच. पण तू पत्रात विचारलंस, आणि पत्रात आपण आता खोटं लिहीत नाही.

दवाखान्यात नेताना मी तिला पांढऱ्या टाक्याचा मास्क लावला. यावेळी तिनं लावून घेतला. म्हणाली, "ह्यो माझा हाय ना?" मी म्हटलं, तुमचाच आहे आत्याबाई, दुसऱ्या कोणी लावलेला नाही. नंतर तिला आम्ही बघितलं नाही.

दवाखान्यानं तिच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून एका पिशवीत घालून बाबांच्या हातात दिलं होतं. आपल्यात माती देताना ते डाव्या तळहातावर ठेवावं लागतं, त्याशिवाय माती देत नाहीत. तिथं कोणाला जवळ जाऊ देत नव्हते. बाबा आणि इसाक, दोघंच गेले होते, लांब उभे. चार जण पांढऱ्या कपड्यांत बांधलेले, नुसते डोळे दिसत होते. ती पूर्ण गुंडाळलेली. बाबांनी पिशवी वर धरून हाक मारली. त्यातला एक जण आला, पिशवी घेतली, खड्ड्यात उतरला. मग खालून विचारलं, "काका, डावाच ना?" बाबा म्हणाले, "डावा." त्यानं वरूनच चाचपून हात कुठं आहे ते शोधलं, त्यावर लिंग ठेवलं आणि ते घसरू नये म्हणून माती पडेपर्यंत स्वतःचा हात त्यावर दाबून ठेवला.

बाबांनी घरी येऊन मला हे सांगितलं. म्हणाले, "त्याचं तोंड मला दिसलं न्हाई. नाव इचारायचं राहिलं."

भेटायला कोणी आलं नाही. बाबा मास्क लावून दारात उभे राहिले. लोक रस्त्याच्या कडेला येऊन थांबायचे, हात जोडायचे, जायचे. एकदोघं सवयीनं ओट्यावर चढायला लागले तर बाबांनीच हात वर केला. मी तुझं पत्र, डोंगरावरच्या गाण्याचं, त्या रात्री त्यांना वाचून दाखवलं. हसले नाहीत.

मलाही ताप येऊन गेला. फोनवर सांगितलं नव्हतं. आता बरी आहे, कालपासून उदबत्तीचा वास यायला लागलाय. हे पत्रात लिहिते आहे, म्हणजे खरं धर.

दाराजवळ बाबांनी तीन खुंट्या ठोकल्या आहेत. निळ्या टाक्याचा, हिरव्या टाक्याचा. तिसरीवर काही नाही. ती कशाला ठोकली असं मी विचारलं तर म्हणाले, राहू दे. पेटीत आता दोन कोरे उरलेत. एकाला लाल दोऱ्याचा टाका घातलाय, तो तुझा. दुसऱ्याला अजून टाका घातलेला नाही. तो तोंडाला बसेल एवढं बाळ मोठं होईपर्यंत हे सगळं गेलेलं असू दे, एवढंच मी रोज मागते.

आता माझा जीव तुझ्यापाशी आहे. इथं रोज कोणाच्या ना कोणाच्या घरासमोर गाडी येते आणि माझ्या कानात मात्र ती तुझी भिंत वाजते. रात्री वाजते, भांडी घासताना वाजते. ती वाजल्यावर पलीकडून बाई उठली की नाही, ते मला इथून कळत नाही.

दिवस भरले की जावई फोन करतील, बाबा मोठ्या आवाजावर लावतील, आणि जावई म्हणतील, सगळं ठीक हाय. या घरात 'ठीक हाय' काय असतं ते मी आता ओळखते. तेव्हा तू सुटलीस की, हातात पेन धरवेल त्या दिवशी, तुझ्या स्वतःच्या हातानं दोन ओळी लिही. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, जावयांकडून लिहून घेऊ नकोस. सोबत माझ्या पत्त्याचं पाकीट तिकीट लावून घातलं आहे, त्यातच टाक. उलट टपाली पाठव.

तुझी आई
शिवकन्या